बॉनेटवरचं कुंकू

नवलला गाडीच्या रंगातलं कळतं, हे जळगावात कुणीही सांगेल. बांभोरीच्या अलीकडे महामार्गाला लागून त्याचं दुकान आहे. दुकान म्हटलेलं त्याला खपत नाही, स्टुडिओ म्हणायचं. माणूस मूळचा पहूरचा, बाप अजून कपाशी लावतो, पण चार वर्षं पुण्यात राहून हा डिटेलिंगचं काम शिकून आला आणि तेव्हापासून 'धुणे' या शब्दाशी त्याचं वैरच झालं. कुणी गाडी आत घालून म्हणालं, "जरा धुऊन द्या," की याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "धुवायची असेल तर पुढे पंपाशेजारी जा दादा. इथे पेंट करेक्शन होतं."

काम मात्र खरोखर नाजूक. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट म्हणतात त्याला. धुळीने, फडक्याने त्यावर बारीक ओरखड्यांची जाळी पडते. मशीनला पॅड लावून, कंपाउंड घेऊन तो थर अगदी नावापुरता घासायचा, म्हणजे जाळी जाते आणि रंग नव्यासारखा उठून दिसतो. नावापुरता म्हणजे किती, तर केसाच्या जाडीचा एखादा अंश. त्याहून जास्त घासलं की खेळ खलास, कारण गेलेला क्लिअर कोट काही केल्या परत येत नाही. म्हणून आधी मीटर लावून रंगाची जाडी मोजायची, वीत-वीत अंतरावर, आणि पत्रा जिथे वळतो किंवा उंच होतो तिथे तर दोनदा मोजायची, कारण तिथे रंग पातळ बसतो. आपल्या हाताखालच्या माणसांना हे नवल इतक्यांदा ऐकवायचा की ती बिचारी झोपेतही सांगतील.

आणि चूक केली ती नेमकी त्यानेच.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भूपेंद्रने गाडी घेतली. भूपेंद्रची धुळ्याला कापसाची जिनिंग आहे आणि घर गावात, पारोळा सोडून धुळ्याकडे निघालं की आत जाणाऱ्या एका फाट्यावर. गाडी परदेशी, दोन दारांची, गडद निळी, जमिनीला इतकी टेकलेली की गावातल्या गतिरोधकावरून नेताना चार जण फळ्या घेऊन पुढे पळायचे. तरी गावात नेली, कारण पूजा आईच्या हातची व्हायला हवी होती. त्याची आई ताईबाई. तिने बॉनेटवर चांगला हातभर स्वस्तिक काढला, तेलात कालवलेल्या कुंकवाचा, आणि बजावलं, की हे पुसायचं नाही, आपोआप जाऊ द्यायचं. लेकानेही ऐकलं. अकरा दिवस गाडी वैशाखाच्या उन्हात उभी राहिली. आमच्याकडचं वैशाखाचं ऊन म्हणजे काय ते ज्याने सोसलंय त्यालाच विचारा. कुंकू वरून गेलं, पण त्याची लालसर खूण निळ्या रंगावर बसून राहिली, धुतली तरी जाईना.

भूपेंद्र गाडी घेऊन नवलकडे आला. "नवलभाऊ, रविवारपर्यंत पाहिजे. नाशिकला आमच्या ग्रुपच्या गाड्या जमणार आहेत."

"भूपेंद्रभाऊ, निर्धास्त जा," नवल म्हणाला. आतून त्याला उकळ्या फुटत होत्या. अशी गाडी खान्देशात पहिल्यांदा त्याच्या दारात उभी होती. त्याने रील काढायचं ठरवलं. स्टँडवर मोबाइल लावला, दिवे लावले, नवा काळा शर्ट घातला. बॉनेटच्या मधोमध मीटर टेकवून कॅमेऱ्याकडे बघत आकडे वाचून दाखवले. एकशे अठरा, एकशे वीस मायक्रॉन. भरपूर होते. मग मशीन सुरू केलं.

स्वस्तिकाचा बराचसा भाग सहज निघाला. राहिली एक बाजू, आणि ती नेमकी बॉनेटच्या उंच धारेवर चढलेली. तिथे मीटर लावायला हवं होतं. नवलला ते आठवलं नाही असं नाही, चांगलं आठवलं. पण मोबाइल चालू होता, मीटर ओट्यावर लांब पडलं होतं, आणि मधेच मशीन थांबवून परत मोजायला गेलं तर नवशिक्यासारखं दिसेल असं त्याच्या मनात आलं. बघा, माणूस कशावर मरतो ते. अजून दोन हात मारू म्हणाला आणि मारले. खूण फिकी झाली. अजून दोन मारले.

मशीन उचललं तेव्हा पांढऱ्या पॅडवर निळा रंग होता.

ज्याला या कामातलं कळत नाही त्याला यात काही वावगं वाटणार नाही. पण ज्याला कळतं त्याच्या काळजात धस्स होतं. पॅडवर गाडीचा रंग आला, म्हणजे वरचा थर गेला आणि आता आपण खालचा रंग खरवडतोय. नवलने कापडाने पुसून बघितलं. धारेवर बोटभर लांबीचा एक मेलेला, धुरकट पट्टा उमटला होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने मोबाइल बंद केला, पॅड बादलीत टाकलं आणि स्वतःच्या हाताने धुतलं. एरवी पॅड धुवायला तो कधी हात लावत नसे.

रविवारी सकाळी सगळं घरच आलं. मनुदेवीच्या दर्शनाला जाऊन परत जाताना वाटेत गाडी घ्यायची असा बेत होता. दोन गाड्या भरून माणसं. भूपेंद्र, त्याची बायको रत्ना, आई ताईबाई, शेजारची लताबाई, चुलत घरातली पाच-सहा जणं. ताईबाईच्या हातात नवलसाठी प्रसादाची पुडी. सगळी स्टुडिओच्या काचेच्या दारातून आत आली आणि गाडीभोवती कौतुकाने उभी राहिली. नवल रात्रभर एकच गोष्ट ठरवत होता, की भूपेंद्रला बाजूला घ्यायचं आणि खरं ते सांगून टाकायचं. पण भूपेंद्रची नजर पट्ट्यावर आधी गेली.

"हे काय आहे?"

दहा माणसं नवलकडे बघत होती. त्याच्या मागे भिंतीवर पुण्याचं प्रमाणपत्र होतं. जिभेला हाड नसतं म्हणतात, नवलच्या जिभेला त्या दिवशी लाजही नव्हती.

"कुंकवाने खाल्लंय, भूपेंद्रभाऊ," तो म्हणाला. "हल्लीच्या कुंकवात काय काय केमिकल असतं. त्यात तेल, त्यात अकरा दिवसांचं ऊन. वरचा थर जाळून टाकला त्याने. मी जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवलं."

इतकं सरळ, इतकं मुद्देसूद खोटं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. बोलताना आवाज कुठे अडखळलासुद्धा नाही, हेच त्याला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

भूपेंद्र आईकडे वळला. "सांगत होतो ना मी, पुसू दे म्हणून? पुसायचं नसतं, पुसायचं नसतं. झालं समाधान? तुला कळत नाही तर मधे हात घालायचा कशाला? आख्ख्या गाडीचा सत्यानाश केला." तो बोलतच सुटला. गाडीला हात लावायची कुणाची लायकी आहे नि कुणाची नाही, इथपर्यंत गेला. रत्नाने त्याची बाही ओढली तरी थांबेना. लताबाई दुसरीकडे बघायला लागली.

ताईबाई पुढे झाली, वाकली आणि लुगड्याच्या पदराने तो पट्टा पुसायला लागली. हळूहळू, लहान मुलाचं तोंड पुसावं तसा. पुसून बघे, परत पुसे. मग तिने नवलपुढे हात जोडले.

"भाऊ, मन्हाकडथून चूक झायी. कुंकू इतलं जळजळीत ऱ्हास, हाई माले काय माहीत? तू रागे भरू नको."

या क्षणी नवलला बोलता आलं असतं. एवढंच बोलायचं होतं, की अक्का, तुमचं काही चुकलेलं नाही. ते शब्द तोंडात आले पण बाहेर पडले नाहीत. "राहू द्या अक्का," एवढंच तो म्हणाला, आणि वर मोठेपणा दाखवल्यासारखी मान हलवली. तिने प्रसादाची पुडी त्याच्या हातात दिली आणि ती सगळ्यांच्या मागून बाहेर गेली.

भूपेंद्र गाडी घेऊन गेला तो परत आला नाही. नवलने रील टाकलं नाही. आठ-पंधरा दिवस तो स्वतःशी वाद घालत राहिला. कुंकवाची खूण पडलीच होती की नाही? पडली होती. म्हणजे सुरुवात तिथूनच झाली की नाही? मग मी तसं फार खोटं बोललो का? असं तो स्वतःला समजवायचा आणि आपलंच म्हणणं आपल्याला पटत नाही म्हणून बायकोवर चिडायचा. हेमांगी साधी, पण भोळी नव्हे. एकदा म्हणाली, "त्या निळ्या गाडीपासून तुमचं काहीतरी बिनसलंय." त्याने जेवणाचं ताट सरकवलं आणि उठून गेला.

पुढे पाऊसपाणी झालं, कामं वाढली, आणि खरं सांगायचं तर नवल हे विसरत चालला होता. माणूस स्वतःच्या बाबतीत फार लवकर विसरतो. दसऱ्याच्या आधी आठ दिवस प्रेमराज नावाचा एक जण नवी गाडी घेऊन आला, रंगावर संरक्षक कोटिंग करून घ्यायला. भूपेंद्रच्याच गल्लीतला निघाला. नवलने सवयीने विचारलं, "पूजा झालेली दिसत नाही?"

"हार घातला ना नुसता," प्रेमराज म्हणाला. "कुंकू नको म्हटलं. आमच्या गल्लीत आता कुणी लावत नाही. तुमच्याकडेच तर झालं होतं ते, भूपेंद्रदादाच्या गाडीचं."

नवलने कापडाची घडी घातली, परत उलगडली. प्रेमराज आपला गप्पांच्या भरात. "आधी काय होतं, गल्लीत काहीही नवीन आलं की पहिलं कुंकू ताईबाई अक्काचं. ट्रॅक्टर असो, मोटार असो, नवरीची हळद असो. तिचा हात लागला की चांगलं होतं म्हणायचे. आता कुणी बोलवत नाही. माझ्या बहिणीच्या हळदीलाही पहिली हळद दुसरीने लावली. अक्का आली होती, पण मागेच बसून राहिली. लोकं पण काय एकेक, म्हणतात लेकाची गाडी जाळली तिथे आपलं काय ठेवेल. भूपेंद्रदादाने तर नवं बॉनेट नाशिकला रंगवून आणलं."

"मग अक्का काय म्हणते?" नवलने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"ती काय म्हणणार? ती स्वतःच म्हणते, माझ्या हाताला काहीतरी झालंय म्हणून."

प्रेमराजची गाडी नवलने दोन दिवसांत करून दिली. दर वीतभर मीटर लावलं, दोनदा लावलं, उंच धारेवर तीनदा. त्याने काय होणार होतं? प्रत्येक आकडा वाचताना त्याला पदराने बॉनेट पुसणारी ती बाई दिसायची. कोटिंगच्या बाटलीवर, काचेत, स्वतःच्या नखांत, जिथे बघेल तिथे त्याला आपलीच लाज दिसत होती. आपण एक पट्टा झाकायला एका बाईच्या हातातलं सगळं काढून घेतलं, हे एकदा कळल्यावर ते नकळतं करता येईना.

दसऱ्याला स्टुडिओत मशीनची पूजा असते. हेमांगीने ओळीने मशीनं मांडली, फुलं घातली आणि कुंकवाची कोयरी नवलपुढे धरली. "लावा."

नवलने बोट बुडवलं आणि तसाच थांबला. बोट काही मशीनपर्यंत जाईना. हेमांगी बघत राहिली. मग त्याने तिला सगळं सांगितलं, तिथेच, उभ्या उभ्या. तिने कोयरी खाली ठेवली.

"मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "जा ना तिकडे."

नवलने मोटरसायकल काढली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. प्रत्येक गावात त्याला वाटे, इथे चहा घ्यावा आणि परत फिरावं. फाट्यावरून आत शिरला तेव्हा दुपार टळायला आली होती.

गल्ली नुसती सजली होती. दारोदारी ट्रॅक्टर, मोटरसायकली धुऊन पुसून उभ्या, सगळ्यांना झेंडूचे हार. एकावरही कुंकू नव्हतं. भूपेंद्रच्या दारात निळी गाडी, नव्या बॉनेटची. ओट्यावर भूपेंद्र, प्रेमराज आणि गल्लीतली दहा-बारा माणसं सोनं द्यायला-घ्यायला जमलेली. भूपेंद्रने नवलला ओळखलं आणि का कोण जाणे, जरासा चपापला.

"अक्कांना भेटायचं होतं," नवल म्हणाला.

"आत आहे. जा ना."

ताईबाई मागच्या खोलीत चुलीपाशी पुरणपोळीचं बघत होती. तिने नवलला बसायला पाट दिला. नवल बसला नाही. उभ्यानेच सांगायला लागला आणि सांगता सांगता खाली बसला. मीटर न लावल्याचं, पॅडचं, सगळं सांगितलं. "अक्का, तुमच्या कुंकवाने काही झालं नव्हतं. माझ्या हाताने झालं. मी खोटं बोललो." कुठेतरी मनात त्याला वाटत होतं, की ही रडेल, आपणही रडू, ही माउली पाठीवरून हात फिरवेल आणि आपण मोकळे होऊन घरी जाऊ.

ताईबाईने पोळी उलटली. ती भाजली, काढून ठेवली, मग बोलली.

"हाई तू माले चूल्हापान कसाले सांगस, भाऊ? तवय तर दहा लोकसमोर सांगेल व्हतं."

बस, एवढंच. आवाज चढवला नाही, रडली नाही. नवलचं तोंड असं पडलं की ते कुठे न्यावं कळेना. तिने बरोबर तेवढंच मागितलं होतं जेवढं त्याने काढून घेतलं होतं, आणि तो मात्र चुलीपाशी कोपऱ्यात येऊन स्वस्तात सुटायला बघत होता. तो उठला. ओसरीतून बाहेर यायला त्याला चार पावलं होती, त्याला चार कोस वाटले.

ओट्याच्या कडेला उभं राहून तो म्हणाला, "ऐका जरा सगळे." माणसं गप्प झाली. पलीकडच्या दारातून लताबाईही पुढे आली. "भूपेंद्रभाऊंच्या गाडीचा रंग कुंकवाने गेला नव्हता. तो मी घालवला. मशीन जास्त मारलं, मोजलं नाही, आणि नाव अक्काचं घेतलं. मी खोटं बोललो त्या दिवशी."

नवल भूपेंद्रकडे बघत होता. त्याने उठून मुस्काटात मारावी, चार शिव्या द्याव्यात, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं. भूपेंद्र मात्र हातातल्या आपट्याच्या पानाचे तुकडे करत बसला होता.

"मला माहीत होतं," तो पुटपुटला.

"काय?" रत्ना दारात उभी होती.

"नाशिकच्या मिस्तरीने बॉनेट बघितलं तेव्हाच सांगितलं. म्हणाला, कुंकवाने असं होत नाही, हे घासून गेलंय."

"ते तर आषाढातलं," रत्ना म्हणाली. "मग आईंना सांगितलं का नाही तुम्ही?"

"कसं सांगणार होतो?" भूपेंद्रची मान आणखी खाली गेली. "काय काय बोललो होतो मी तिला. सगळ्यांसमोर."

रत्नाच्या मागे ताईबाई येऊन उभी राहिली होती. हाताला पीठ तसंच. तिने सगळं ऐकलं होतं. लेकाकडे तिने एकदा बघितलं, आणि त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं, असं नवलला वाटलं. राग नव्हताच. तीन महिने हा रोज तिच्यासमोर जेवायला बसत होता आणि तिच्याच हातची भाकर खात होता, एवढंच ती मोजत असावी.

"दोन्हीसले पानी दे," ती रत्नाला म्हणाली.

तेवढ्यात लताबाई लगबगीने आपल्या घरात गेली आणि कुंकवाची कोयरी घेऊन आली. कुणीतरी काहीतरी करायला हवं, असं तिला झालं असेल. पदर सावरून ती ओट्यापाशी आली. "अक्का, चाल ना. आम्हना ट्रॅक्टरले पहिलं कुंकू तूच लाव." मागून प्रेमराजही म्हणाला, "हो अक्का, माझ्याही गाडीला." आणखी दोघं-तिघं बोलले. बघता बघता सगळी गल्ली गोड बोलायला लागली.

ताईबाईने कोयरीकडे बघितलं. मग ती शांतपणे बोलली.

"मन्हा हात तोच शे, लताबाई. आखाजीले बी हाऊच व्हता."

ती वळून चुलीकडे गेली. लताबाई कोयरी धरून तशीच उभी राहिली. रत्नाने पाण्याचे दोन तांबे आणून ठेवले, एक नवलपुढे, एक भूपेंद्रपुढे, आणि दोघांपैकी एकाचाही हात पुढे होईना.